नाचाच्या गोदामातली तक्तपोशी

मी एक जुनी तक्तपोशी आहे. तक्तपोशी म्हणजे लाकडी फळ्यांची जमीन. हा शब्द आता कोणी वापरत नाही, हे मला ठाऊक आहे. मुदखेडात मला सगळे 'गोदामातली फळी' म्हणतात, जणू मी एकच फळी आहे. मोजून एकशे बारा फळ्या आहेत माझ्यात. पण जमिनीचं नाव कोणी नीट घ्यावं अशी माझी अपेक्षाही नाही, मित्रांनो. लोक आत येतात, छताकडे बघतात, दिव्यांकडे बघतात, नाचणाऱ्यांकडे बघतात. खाली बघतो तो फक्त ज्याची चप्पल हरवली आहे तो.

स्टेशनच्या मागच्या बाजूला शेषेरावांचं हळदीचं गोदाम आहे, तिथे मी असते. पत्र्याचं छप्पर, जाड भिंती, एक मोठं दार. दारातून आत आलं की आधी थोडी शहाबादी फरशी लागते. पूर्वी तिथे वजनाचा काटा होता. त्याच्या पुढे मी सुरू होते. गेली सात-आठ वर्षं इथे नाच होतो. लावणी नाही, सिनेमातला नाही. ज्याला आजकालचा नवा नाच म्हणतात तो. नांदेड-लातूरकडची माणसं मुद्दाम गाडीत बसून बघायला येतात. हे सगळं कसं झालं आणि मध्ये माझ्यावर काय बालंट आलं, ते तुम्हाला सांगते.

माझं लाकूड इस्लापूरकडचं. सहस्रकुंडाच्या अलीकडच्या रानात वाढलेला साग. रानातलं मला फारसं आठवत नाही, आणि आठवतं म्हणणारी लाकडं थापा मारतात असं माझं मत आहे. मला घडवलं मुदखेडच्या खाजा मिस्त्रीने. चाळीस वर्षं झाली त्याला. तेव्हा खाजा तिशीचा होता आणि शेषेरावही त्याच वयाचे, नवे नवे गोदामवाले. हळदीची पोती ओल्या जमिनीवर ठेवली की खराब होतात, म्हणून त्यांना लाकडी जमीन हवी होती.

खाजाने आधी वाशांची एक आडवी ओळ टाकली, तिच्यावर दुसरी उभी ओळ, आणि मग वरून मला बसवलं. दोन ओळी जिथे एकमेकींना भेटतात तिथे त्याने पिठाच्या गिरणीच्या जुन्या पट्ट्याचे तुकडे घातले. त्यामुळे माझ्यावर पाय पडला की मी किंचित खाली जाते आणि परत वर येते. शेषेरावांना ते काही पसंत पडेना. जमीन कशी खंबीर पाहिजे, ही तर पायाखाली हलते, अशी त्यांची कुरकुर. खाजाने त्यांना समजावलं की वरून पोतं आदळलं की न लवणारी फळी फुटते, लवणारी टिकते. आणि जाताना हत्यारं पिशवीत भरता भरता तो आणखी एक गोष्ट म्हणाला.

"मालक, हात लागतो त्या लाकडाला तेल द्या. पाय लागतो त्याला निस्तं कोरडं फडकं."

शेषेराव "हाव, हाव" म्हणाले. दोनदा 'हाव' म्हणणाऱ्या माणसाने ऐकलेलं असतंच असं नाही. पण हे मला कळायला पुढे चाळीस वर्षं लागली.

माझी कामाची वर्षं चांगली गेली. हमालांचे पाय मला आवडायचे. पाठीवर पोतं असलं की माणूस उगाच मिरवत चालत नाही. जेवढं लागेल तेवढंच पाऊल टाकतो. शेषेराव स्वतः प्रत्येक पोत्याचा कान, म्हणजे वरचा कोपरा, धरून त्याला दोनदा थोपटायचे आणि मग थप्पीला लावू द्यायचे. हळद माझ्या फटींत अशी बसली की अजून निघालेली नाही. पुढे नाचणाऱ्यांचे तळवे पिवळे होऊन बाहेर पडायचे आणि रस्त्यावरचे लोक विचारायचे, कोणाची हळद लागली म्हणून.

मग मोठमोठी नवी गोदामं झाली आणि हळद तिकडे गेली. माझ्यावर खताची गळकी पोती आली, मोडका फवारणी पंप आला, उंदीर आले. बाराएक वर्षं मी तशीच पडून होते. खताने माझ्या नऊ फळ्या खाल्ल्या. मला कोणाचा राग आला नाही. बिनकामाने पडलेल्याला राग परवडत नाही.

एक दिवस शेषेरावांची लेक वर्षाराणी आत आली. ही पोरगी विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनियर झाली, नोकरीला बंगळूरला गेली, आणि तिथे संध्याकाळी हा नवा नाच शिकता शिकता नोकरीच सोडून बसली. सहा वर्षांनी घरी आली ती तिकडून एवढंच घेऊन. तिने पायातले बूट काढले, मोडक्या पंपाला वळसा घालून माझ्या मधोमध आली आणि एक उडी मारली. मी थोडी लवले. तिने परत उडी मारली. मग एकटीच हसत सुटली. मी माणसाला पायावरून ओळखते. ही पोरगी इथून हलणार नाही हे मला तेव्हाच कळलं.

शेषेरावांकडे तिने गोदाम मागितलं. ते दारातच उभे होते. त्यांनी कमरेची किल्ली काढून तिच्या हातात दिली.

"किल्ली घे. गोदाम तुझंच हाय. पर मला बघाय बोलवू नको. गावात तोंड दाखवायचं हाय मला."

यावरून शेषेराव वाईट होते असं समजू नका, मित्रांनो. त्यांनी पाहिलेल्या नाचात बघणारे शिट्ट्या मारायचे. पोरीला शिट्ट्या पडतील ही त्यांची धास्ती, आणि ती धास्ती त्यांना नीट बोलता येत नव्हती. घरोघरी बाप असेच असतात.

वर्षाराणीने खाजाला बोलावलं. खाजा आता म्हातारा झाला होता. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, तरी नजर अधूच. तो अनवाणी माझ्यावरून फिरला, टाच आपटत आपटत, आणि नुसत्या आवाजावरून त्याने सडक्या नऊ फळ्या सांगितल्या. त्या बदलून दिल्या. नवीन फळ्या सुरुवातीला थोड्या तोऱ्यात होत्या. आता रुळल्या.

पहिल्या कार्यक्रमाची मात्र फटफजिती झाली. ढोलकी नाही, गाणं नाही, चार माणसं जमिनीवर लोळतात, उठतात, पुन्हा पडतात. हा नाच आहे का आजारपण, असं लोक एकमेकांना विचारत होते. वर्षाराणी पहिल्यांदा खाली पडली तेव्हा एक म्हातारी पोरीला चक्कर आली म्हणून तांब्या घेऊन धावली. पण मला विचाराल तर हा नाच मला पहिल्या दिवसापासून पटला. बाकीच्या नाचांत माणूस जमिनीला लाथा मारतो. ह्या नाचात तो जमिनीवर अंग टाकतो, गाल टेकवतो, आणि जमिनीच्या आधाराने पुन्हा उठतो. इतक्या वर्षांत माझ्यावर गाल टेकवणारं ते पहिलंच माणूस.

हळूहळू लोक यायला लागले. लातूरहून गुरुलिंग नावाचा नाचणारा त्याच्या मंडळींना घेऊन आला. त्यांच्याकडचा हॉल सिमेंटवर टाइल बसवलेला, त्यामुळे त्याचे गुडघे तिशीतच कुरकुरत होते. तो माझ्यावर उताणा पडला आणि चहा आला तरी उठेना. ही जमीन कोणी केली, असं त्याने विचारलं. खाजाला बोलावून आणलं तर सगळ्यांनी त्याच्या पाया पडायला गर्दी केली. खाजा लाजून लाल झाला. त्या दिवसापासून प्रत्येक कार्यक्रमाला त्याच्यासाठी भिंतीशी एक खुर्ची ठेवत.

आणखी एक जागा ठेवली जायची. वर्षाराणीची माय, केवळाबाई, दर वेळी पुढच्या सतरंजीवर बसायच्या. त्यांच्या शेजारची जागा वर्षाराणी मोकळी सोडायची. कितीही गर्दी झाली तरी तिथे कोणाला बसू देत नसे. अण्णांसाठी आहे, म्हणायची. अण्णा म्हणजे शेषेराव. सात वर्षं ती जागा रिकामीच राहिली.

पण मला एक गोष्ट ठाऊक होती, जी तिला ठाऊक नव्हती. शेषेरावांच्या कातडी चपलेच्या डाव्या टाचेला नाल ठोकलेली आहे. प्रत्येक कार्यक्रमाला, आतले दिवे मालवले की, ती नाल बाहेर टक टक वाजत दारापर्यंत यायची आणि थांबायची. अर्धा-पाऊण तास थांबायची. टाळ्या सुरू व्हायच्या आधी निघून जायची. सात वर्षांत एकदाही चुकली नाही. मला बोलता आलं असतं तर मी सांगितलं असतं. पण लाकडाच्या हातात काय असतं?

सातव्या वर्षी वर्षाराणीने ह्याच गोदामावर नाच बसवला. हमालांची ती मोजकी पावलं, पाठीवरचं पोतं, आणि पोत्याचा कान धरून दोनदा थोपटणारा माणूस. केवळाबाईंनी घरी ते सांगितलं. शेषेराव म्हणे जेवता जेवता थांबले, माझ्यावर केला का, एवढंच विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी लेकीला सांगून टाकलं की ह्या वेळी मी येतो. त्या दिवशी वर्षाराणी माझ्यावर पालथी पडून रडली. खारं पाणी लाकडाला चांगलं नसतं. पण म्हटलं, रडू दे.

कार्यक्रमाचा दिवस शनिवार. लातूरची मंडळी यायची होती आणि गाडी पाच तास लेट. सगळे स्टेशनवर. दुपारी बाराच्या सुमाराला दार उघडलं आणि ती नाल वाजत आली. ह्या वेळी दाराशी थांबली नाही. शेषेरावांनी चपला बाहेर काढल्या, आत आले, दार लावून घेतलं. त्यांच्या हातात डबा होता आणि जुनं धोतर.

डब्यात करडीचं तेल होतं, घरच्या करडीचं, घाण्यावरून काढून आणलेलं. पोळ्याच्या आधी ते घरच्या सागवानी दाराला हेच तेल लावायचे, बैलबंडीच्या जुवाला हेच, पेरणीच्या तिफणीच्या मुठीला हेच. ज्या लाकडाचा मान ठेवायचा त्याला तेल, एवढंच त्यांना ठाऊक. लेकीच्या आयुष्यातल्या मोठ्या दिवसाला आपण काय द्यावं, तर हे. सत्तरी उलटलेला माणूस दाराजवळच्या पहिल्या फळीपाशी गुडघ्यावर बसला आणि एकशे बारा फळ्या हाताने चोळत चोळत पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला. मग कोरड्या धोतराने पुसून घेतलं. मी आरशासारखी चमकायला लागले.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मला फार बरं वाटलं. ह्या माणसाने मला विकत आणलं, माझ्यावर पोती टाकली, खत टाकलं, पण हाताने कधी शिवला नव्हता. मला कळत होतं की हे चुकतंय. खाजाचं बोलणं मला आठवत होतं. तरीही बरं वाटलं.

गाडी आली तेव्हा पाच वाजत आले होते. एरवी कार्यक्रमाआधी सगळे माझ्यावर एकदा नाचून बघतात. त्या दिवशी वेळच उरला नाही. मंडळींनी अंगणातच हातपाय मोकळे केले. चमक वर्षाराणीला दिसली, पण तिला वाटलं नव्या दिव्यांचा उजेड आहे. शेषेराव पुढच्या सतरंजीवर, सात वर्षं रिकाम्या राहिलेल्या जागेवर बसले. तिने ते बघितलं, पाठीवर पोतं घेतलं आणि पळत आत आली.

तिसऱ्या पावलाला तिचा पाय सटकला. पडायची कला जाणणारी पोरगी, पण पाठीवर पोतं होतं. उजव्या गुडघ्यातून आवाज आला तो मी ऐकला. लोकांना वाटलं हाही नाचच आहे. टाळ्यासुद्धा पडल्या दोन-चार. मग ती उठली नाही.

नांदेडच्या दवाखान्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सहा महिने नाच नाही, आणि पुढचं पुढे बघू, असं डॉक्टरांनी सांगितलं. इकडे माझ्यावर खटला चालला. जमीन जुनी झाली, लाकूड दगाबाज असतं, खाजाने डोळे गेल्यावर फळ्या बदलल्या त्याच घसरल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मला कधीच आवडली नाही. पण गंमत बघा, इथे नाचणारीला उत्तम नाचता येत होतं आणि अंगणाने खरंच घात केला होता. तरी दोष अंगणाचा नव्हता. बसलिंगप्पा नावाचे एक व्यापारी वर्षाराणीचे मोठे हितचिंतक. त्यांनी चांगल्या मनाने टाइलची खोकी पाठवून दिली. ती माझ्याच पाठीवर रचून ठेवली. मला उखडायचा गुरुवार ठरला.

बुधवारी खाजा आला. त्याने बदललेल्या नऊ फळ्यांवरून चारही हातापायांनी फिरला, एकेक खिळा चाचपला. सगळ्या घट्ट होत्या. मग त्याने बोट घासून नाकाला लावलं. थोड्या वेळाने बाहेर नाल वाजली. शेषेराव आत आले.

"तेल करडीचं हाय," खाजा वर न बघता म्हणाला.

"हाव."

"लोक माझ्या फळ्यांला बोलून राहिले."

शेषेराव खाली बसले. सात वर्षांनी आत आलो अन् पोरीचा पाय मोडला, आता कोणत्या तोंडाने सांगू, असं काहीतरी ते पुटपुटले. खाजाने काठी शोधली आणि उठला.

"मी न्हाई सांगणार. मी सांगितलं तर चुगली व्हईल. तुमी सांगितलं तर खरं व्हईल."

तो गेल्यावर शेषेराव अंधार पडेपर्यंत माझ्यावर बसून होते. माझ्याशी काही बोलले नाहीत. माणसं जमिनीशी बोलत नाहीत.

गुरुवारी पहारी घेऊन दोन कामकरी आले. बसलिंगप्पा आले. वर्षाराणी कुबड्या घेऊन आली, मला शेवटचं बघायला. केवळाबाईंनी तिला धरलं होतं. खाजा भिंतीशी त्याच्या खुर्चीवर बसला होता, मान खाली. शेषेराव दाराबाहेर, नेहमीच्या जागी. पहार दाराजवळच्या पहिल्या फळीखाली घुसली आणि फळी करकरली. चाळीस वर्षांत मी पहिल्यांदा घाबरले.

"थांबा," शेषेराव म्हणाले आणि चपलांसकट आत आले. "जमिनीचा दोष न्हाई. तेल म्या लावलं."

कोणाला काही समजेना. मग त्यांनी सगळं सांगितलं, डब्यापासून धोतरापर्यंत, आणि खाजाकडे वळून त्याची माफी मागितली, त्या सगळ्यांदेखत. खाजाने नुसता हात वर केला. वर्षाराणी बापाकडे बघत होती. मला वाटलं आता ही ओरडेल.

"सगळ्या जमिनीला?" तिने विचारलं.

"सगळ्या."

"गुडघ्यावर बसून?"

"हाव."

"मला विचारायचं तरी, अण्णा."

"विचारलं असतं तर नको म्हणली असतीस."

"हाव, नको म्हणले असते." तिचा आवाज चढला होता आणि डोळे वाहत होते. रागही होता आणि दुसरंही काहीतरी होतं. तिने कुबडीचं टोक पहिल्या फळीवर टेकवलं. मग म्हणाली, "आता पुसायचंही तुम्हीच."

कामकरी पहारी घेऊन परत गेले. अठरा दिवस दोन म्हातारे माझ्यावर गुडघे टेकून होते. तव्यावर गरम केलेला लाकडाचा भुसा पसरायचा, दाबायचा, झाडायचा, मग चुन्याची पूड, मग खरकागद. सगळा वेळ भांडत होते. एका फळीला दोनदा घासलं म्हणून खाजा ओरडायचा, एकदाही घासली नाही म्हणून शेषेराव. वर्षाराणी खाजाच्या खुर्चीवर पाय लांब करून बसायची आणि राहिलेले डाग काठीने दाखवायची. बसलिंगप्पांच्या टाइल बाहेरच्या बाथरूमला लागल्या. तिथे छान दिसतात.

वर्षाराणी आता पुन्हा नाचते. पूर्वीएवढी उंच उडी जात नाही. ते तिला दुखतं, आणि मलाही वाईट वाटतं. तिने तो गोदामाचा नाच बदलून घेतला आहे. पोतं आता भागवत नावाचा पोरगा उचलतो. तो थोराड आहे आणि त्याचा बाप इथे हमाल होता. पोत्याचा कान धरून थोपटणाऱ्या माणसाचं काम वर्षाराणी करते.

मित्रांनो, मी आता फार वर्षं पुरेन असं नाही. पण माझं एक ऐकून ठेवा. हेळसांड मी बारा वर्षं सोसली आणि त्यातून उठले. मला उखडायची वेळ आली ती मायेने. तेव्हा एखाद्या वस्तूची, जनावराची, माणसाची काळजी घ्यायची असेल, तर आपल्याला काय देता येतं ते मागाहून बघा. त्याला काय लागतं ते आधी विचारा. ज्याला बोलता येत नाही, त्याच्या मिस्त्रीला विचारा.

दाराजवळच्या पहिल्या फळीतलं तेल काही निघालं नाही. तेल तिथूनच लावायला घेतलं होतं, सगळ्यात जास्त तिथेच मुरलं. तिच्या कडेला पहारीची खाचही आहे. ती फळी बदलू का, असं खाजाने विचारलं होतं. तिथे कोणी नाचत नाही, राहू द्या, असं वर्षाराणी म्हणाली. आता कार्यक्रमाच्या दिवशी नाल वाजत येते, बाहेर चपला निघतात, आणि शेषेराव सतरंजी सोडून त्या फळीवर येऊन बसतात. हातात एक कोरडं फडकं असतं. टाळ्या संपेपर्यंत उठत नाहीत.